चढलेला दात

कवळीकाकांना निःस्वार्थ म्हणायला पहिल्यांदा सुरुवात कोणी केली कोण जाणे, पण तो शब्द एकदा चिकटला तो चिकटलाच. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाई तर उठता-बसता म्हणायच्या, "काका, तुमच्यासारखी निःस्वार्थ माणसं आता दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाहीत." काका मान खाली घालून पुटपुटायचे, "अहो कसचं कसचं!" बघणाऱ्याला वाटायचं, काय हा विनय! आता खोटं कशाला बोला, तो विनय नव्हता. माणूस संकोचाने मान खाली घालो, नाहीतर चोरी पकडली जाईल म्हणून घालो, समोरच्याला दिसतं ते टक्कलच.

कवळीकाका म्हणजे कवळ्या करणारे काका. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे ते तीस वर्षं बसत आलेले. डॉक्टर पुढे माणसांची तोंडं बघायचे, काका मागे त्या तोंडांचे साचे. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेण वितळवायचा दिवा, घासायचं यंत्र, आणि खणांमध्ये कमी-जास्त पिवळ्या छटांचे दात. सगळ्यावर पांढरी धूळ, काकांच्या भुवयांवरसुद्धा. बायको होती तोवर त्यांना दारातच अडवायची. "आधी झटकून या. घरात पिठाची गिरणी नकोय मला."

ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या समोरच्या दोन दातांपैकी डावा दात किंचित उजव्यावर चढलेला होता. गर्दीत पुढचं दिसावं म्हणून एखाद्याने टाचा उंचावून शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकावा, तसा. ती हसली की आधी तो दात यायचा आणि मागून हसू. काका तिला डिवचायचे, "गावाचे दात मी ओळीत बसवतो आणि माझ्याच घरात ही बंडखोरी! एकदा बस त्या खुर्चीत, साचा तरी घेऊ दे." त्यावर ती म्हणायची, "अख्खं गाव तुमच्यासमोर आ करून बसतं. मी नाही बसायची." आणि पुन्हा तो दात.

फोटो काढायची वेळ आली की मात्र ओठ घट्ट मिटायची. ती गेल्यावर काकांनी कपाटातले सगळे फोटो उपसले. लग्नातला, पोरीच्या बारशाचा, कुठल्याशा तलावाकाठचा. एकाही फोटोत तोंड उघडं नव्हतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे काकांच्या फळीवर पडलेले आणि तिचा एक साचा नाही. हे ध्यानात आलं तेव्हा ते कपाटासमोर फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी त्यांनी वृद्धाश्रमात फुकट कवळ्या करून द्यायला सुरुवात केली. दर गुरुवारी दुपारी चारला बॅग घेऊन हजर. पुरुषांच्या कवळ्या सरळ, शिस्तीत. बायकांच्या कवळीत मात्र समोरचा डावा दात किंचित चढवलेला. पहिल्या वेळी त्यांनी स्वतःला समजावलं की एक दात जरा वाकडा ठेवला की कवळी खरी वाटते. ते खरंही आहे, त्या धंद्यातलं कोणीही सांगेल. पण एखादा दात वाकडा ठेवणं वेगळं, आणि आठ बायकांना तोच दात, त्याच बाजूला, तेवढाच चढवणं वेगळं. कवळी बसवली की काका समोर स्टूल ओढून म्हणायचे, "हसा बघू." आणि जीव डोळ्यांत आणून बघायचे. पण ती काही यायची नाही. एकीचा ओठ लांब, एकीचे गाल आत गेलेले, एक तर हसण्याऐवजी नुसते दात विचकायची. आठ वेळा काका हात हलवत घरी आले.

त्या आठजणी चावून खायला लागल्या, हेही तितकंच खरं. एकीने दोन वर्षांनी सफरचंद खाल्लं आणि कचकन आवाज झाला म्हणून स्वतःच दचकली. आता हे पुण्य कुणाच्या नावावर टाकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

नवव्या शिवणबाई. चाळीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलेल्या, म्हणून शिवणबाई. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. दोघंही त्याच वृद्धाश्रमात राहायची, ते आजाऱ्यांच्या खोलीत, त्या बायकांच्या. एका गुरुवारी त्या काकांपुढे येऊन बसल्या आणि पुस्तकात जपून ठेवलेला एक फोटो त्यांनी काकांच्या हातात दिला. तिशीतली बाई मोकळी हसतेय, आणि समोरच्या दोन दातांमध्ये आगकाडी जाईल एवढी फट.

"ह्यांनीच काढलाय," शिवणबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "फटीवरून मला फटाकडी म्हणायचे. चारचौघांतसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"वा!" काका हसले. "हौशी दिसतात साहेब."

"होते. आता सगळं विसरलेत. मुलगा विसरले, स्टुडिओ विसरले, जेवले की नाही ते विसरतात. पण मला ओळखायचे हो. मी दारातून हसले की बोट दाखवून म्हणायचे, आली फटाकडी. आठ महिन्यांपूर्वी माझ्या हिरड्या पिकल्या, दात हलायला लागले, डॉक्टरांनी सगळे काढले. त्या दिवसापासून मला 'अहो बाई' म्हणतात." त्यांनी पदर सारखा केला. "पन्नास वर्षांचा संसार काका, आणि अहो बाई!"

काकांनी फोटो पुन्हा उजेडात धरला.

"मला सफरचंद नको आणि काही नको," शिवणबाई म्हणाल्या. "एकदा त्यांनी ओळखलं की झालं. त्यांचं आता काही खरं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून फट हवी. जमेल ना?"

"न जमायला काय झालं? हुबेहूब करतो," काका म्हणाले. "आगकाडीभर म्हणजे आगकाडीभर." आणि ते अगदी मनापासून म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

माप घेऊन झालं. शिवणबाईंनी तोंड पुसलं आणि प्लास्टरच्या चवीची काहीतरी थट्टा करून हसल्या, तशाच, बिनदातांच्या. हसताना त्यांचा वरचा आखूड ओठ डावीकडून आधी उचलला गेला. तो ओठ त्यांनी तेहतीस वर्षं रोज घरात बघितला होता.

सोमवारी त्यांनी मेणात दात लावले, फोटो समोर ठेवून, फटीसकट. मंगळवारी फट आणखी नेमकी केली. बुधवारी दुपारी डॉक्टर जेवायला गेल्यावर काकांनी दिव्यावर सुरी तापवली. नुसतं बघू या, ते स्वतःशी म्हणाले, मेणच तर आहे, परत सरकवता येईल. आणि डावा दात उजव्यावर चढवला. मेणाचं हेच वाईट, ते कशालाच नाही म्हणत नाही. परत सरकवायला त्यांना गुरुवारपर्यंत वेळ होता. त्यांनी सरकवला नाही.

मेणातली कवळी आधी तोंडात घालून बघतात. पसंत पडली की मग ती गुलाबी प्लास्टिकमध्ये पक्की करतात. शिवणबाईंनी ती घातली, जीभ फिरवून बघितली.

"हसा बघू," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

शिवणबाई हसल्या, आणि समोर काकांची बायको हसली.

डोळे तिचे नव्हते, केस नव्हते, वयाचा तर पत्ताच नव्हता. पण नाकाखालच्या त्या दोन इंचांत ती होती. आधी दात, मागून हसू. "आणखी एकदा," ते म्हणाले. त्या बिचाऱ्या आणखी एकदा हसल्या. "एकदाच, शेवटचं." त्या पुन्हा हसल्या. मग त्यांनी आरसा उचलला.

"काका, फट राहिली की!"

इथे काकांना खरं बोलता आलं असतं. विसरलो म्हणाले असते तरी भागलं असतं. ते म्हणाले, "कवळीत फट ठेवता येत नाही हो बाई. मधोमध तडकते."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो खरं. करायला बसल्यावर लक्षात आलं."

तीस वर्षांचा कारागीर सांगतोय म्हटल्यावर त्या तरी काय बोलणार? त्यांनी आरशात पुन्हा बघितलं, एका बोटाने तो चढलेला दात चाचपला. "असेल तसं. एवढं फुकट करून देताय, वर मी खोड्या काढत बसू? राग मानू नका हं." आणि उलट त्यांनीच काकांची समजूत काढली.

पुढच्या गुरुवारी पक्की कवळी आली. शिवणबाईंनी केस नीट विंचरले, धुवट साडी नेसली आणि काकांना म्हणाल्या, "चला की तुम्हीही. तुमच्या हातचं काम आहे." काका आजाऱ्यांच्या खोलीच्या दारातच थांबले.

फोटोवाले आजोबा खुर्चीत बसले होते. शिवणबाई बरोबर खिडकीच्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. उजेड कुठे पडतो हे त्यांना पन्नास वर्षं आजोबांनीच शिकवलं होतं. "बघा तरी माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

आजोबांनी वर बघितलं. मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि चेहऱ्यावर कुठून तरी जुना जाणतेपणा आला. "हनुवटी जरा खाली," ते म्हणाले. शिवणबाईंनी हनुवटी खाली घेतली. "हं. आता हसा."

त्या हसल्या. आजोबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, बराच वेळ. काकांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. मग तो जाणतेपणा हळूहळू निघून गेला.

"छान आहे हो हसू तुमचं," आजोबा आदबीने म्हणाले. "पण आमच्या हिच्या दातांत फट आहे. ती बाहेर दिसली तर पाठवून द्या ना, बाई. मघापासून वाट बघतोय."

"सांगते हं," शिवणबाई म्हणाल्या आणि त्यांच्या मांडीवरची चादर नीट करून बाहेर आल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी काकांचा हात धरला. "काका, तडकली तर तडकू दे. एक दिवस टिकली तरी पुष्कळ झालं. पण फट पाडा. आत्ता, इथे, काहीतरी करून."

काकांच्या बॅगेत छोटं घासायचं यंत्र होतं, प्लास्टिकची भुकटी होती, तिचं द्रावण होतं. तो दात कापून काढायचा, सरकवून बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. सगळं मिळून तासाभराचं काम. काकांचा हात बॅगेच्या चेनपर्यंत गेलाही. पण कापायचा होता तो दात. तीन वर्षांनी सापडलेला, एकदाच नीट बसलेला. काकांचा हात तिथेच थांबला.

"असं मोडतोड करून नाही चालत," ते म्हणाले. "मी नवीनच करतो. फटीची. बघतो कशी जमते ते. पुढच्या गुरुवारी आणतो."

"आज नाहीच का जमणार?"

"नाही हो."

शिवणबाईंनी जास्त विनवण्या केल्या नाहीत. फुकट घेणाऱ्याला विनवण्यांचीही लाज वाटते. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. गुरुवारी तर गुरुवारी."

घरी जाताना काकांनी मनाचा हिशेब जुळवला. एक कवळी बाईंच्या नवऱ्यासाठी, आणि चढलेल्या दाताची राहिलीच आहे, तीही कधीमधी घालतील. दोघांचंही भागेल. आठ दिवसांत काय आकाश कोसळतंय? आणि त्या आठ दिवसांत त्यांनी जन्मात केली नव्हती अशी कवळी केली. फट फोटोवर धरून तपासली. हिरड्यांचा रंगसुद्धा तीनदा बदलला.

गुरुवारी दारातच व्यवस्थापकबाई भेटल्या. चेहरा उतरलेला. "काका, फोटोवाले आजोबा गेले हो. परवा, मंगळवारी दुपारी. झोपेतच." मग त्यांनी काकांच्या हातातली डबी बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही आजही न चुकता आलात! काय म्हणायचं तुमच्या निःस्वार्थपणाला?"

काका "कसचं कसचं" म्हणाले नाहीत. ते डबी घेऊन तसेच आत गेले.

शिवणबाई बायकांच्या खोलीत खिडकीशी बसून आश्रमाच्या उशांचे अभ्रे शिवत होत्या. तोंडात कवळी नव्हती, ती शेजारी पाण्याच्या पेल्यात होती. काका समोरच्या बुटक्या स्टुलावर बसले.

"रविवारी विचारत होते, आमची ही कधी येणार?" शिवणबाई सुईकडे बघतच म्हणाल्या. "मी म्हटलं, गुरुवारी येतेय. एरवी पाच मिनिटांपूर्वीचं लक्षात राहायचं नाही, पण हे बरोबर धरून ठेवलं. सारखं आपलं, आज कोण वार? मंगळवारी सकाळी हट्टाने दाढी करून घेतली. म्हटलं, अहो, आज मंगळवार आहे. तर म्हणे, असू दे, लवकर आली तर?"

काकांनी तोंडावर हात धरला.

"काका, एक विचारते. तो दात कुणाचा?"

काकांनी पेल्यातल्या कवळीकडे बघितलं.

"चाळीस वर्षं बेतायला शिकवलंय मी," त्या म्हणाल्या. "एकाच कागदावरून बेतलेले झगे नऊ अंगांवर चढवले तरी मला ओळखू येतात. काल जेवणाच्या टेबलावर सगळ्याजणी मला जरा हसवायला बघत होत्या. आठ तोंडं, आणि आठांत तोच दात. नववी मी."

"बायकोचा," काका म्हणाले.

"आणि फट? खरंच तडकते?"

"नाही."

"त्या दिवशी पाडता आली असती?"

खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. "तासाभरात," काका म्हणाले.

शिवणबाईंच्या हातातली सुई थांबली. काका वाट बघत होते, आता ओरडतील, पेला फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी दोरा दोन बोटांत धरून ठेवला.

"पैसे मोजले असते ना मी," शेवटी त्या म्हणाल्या, "तर तिथेच भांडले असते तुमच्याशी. आगकाडी घालून दाखवा म्हटलं असतं. फुकट होतं म्हणून गप्प बसले."

"बाई, मी..."

"सांगायचंत हो मला. म्हणायचंत, बाई, आधी तुमची करतो, मग घटकाभर माझीही घालून हसून दाखवा. मी काय नाही म्हटलं असतं? दर गुरुवारी हसले असते." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मी तरी कुठली मोठी लागून गेलेय? ह्यांना बरं वाटावं म्हणून का दात हवे होते मला? मला माझं नाव ऐकायचं होतं. एकदा. बस्स."

काकांनी डबी पुढे केली, आत तो जुना फोटोही होता. शिवणबाईंनी ती उघडली, नवी कवळी काढली, घातली आणि आरसा घेतला. फोटोतली फट आरशात जशीच्या तशी होती, आगकाडीभर.

"आली फटाकडी," त्या आरशाला म्हणाल्या.

मग त्यांनी कवळी काढली, रुमालाने कोरडी केली, फोटोशेजारी डबीत ठेवली आणि डबी उशाशी सारली. पेल्यातली पहिली कवळी उचलली, पाणी झटकलं आणि घातली.

"ही नका घालू बाई," काका कसेबसे म्हणाले. "पाया पडतो तुमच्या."

"का? जेवायला काहीतरी लागणारच ना मला." त्यांनी अभ्रा बाजूला ठेवला. "आणि त्या फटीला ओळखणारं आता कोणी राहिलं नाही, काका. ह्या दाताला ओळखणारं माणूस तरी आहे अजून."

त्या खिडकीच्या उजेडाकडे वळल्या, शिकवल्याप्रमाणे हनुवटी जरा खाली घेतली. "बघा," त्या म्हणाल्या.

हसल्या असतील. आधी दात आला असेल, मागून हसू. काका स्टुलावर बसून होते, हनुवटी छातीला टेकलेली. शिवणबाईंना दिसत होतं ते त्यांचं टक्कल आणि त्याच्यावरची पांढरी धूळ.

"बघा ना," त्या पुन्हा म्हणाल्या.

काकांना मान वर करवेना.